फोनवर दोन-दोन ‘ई-पीक पाहणी’? जुनं ॲप उडवण्याआधी हे वाचा

पुण्याहून राजगडला निघालेले ट्रेकर नसरापूर सोडून पुढे आले की मार्गासनीला गुंजवण्याकडे वळतात. त्यांच्यासाठी मार्गासनी म्हणजे एक फाटा. इथे राहणाऱ्यांसाठी मात्र ती भातखाचरं आहेत. लावणी उरकली की त्या खाचराच्या बांधावर फोन घेऊन उभं राहायचं, हे काम गेल्या काही वर्षांत वाढलंय. त्याचं नाव ई-पीक पाहणी.

पण अनेकांच्या फोनमध्ये ही ॲप्स दोन दिसतात. नाव जवळजवळ सारखं, काम तेच. मग उघडायचं कोणतं?

दोन आली कुठून?

आधी पीक पाहणी तलाठी करायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ती शेतकऱ्याच्या हातात आली. महसूल आणि कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने ॲप आणलं, 2022 मध्ये त्याचं ‘व्हर्जन-2’ आलं. इथपर्यंत सरळ होतं. मग केंद्र सरकारच्या ॲग्रीस्टॅक योजनेतून ‘डिजिटल क्रॉप सर्व्हे’, म्हणजे डीसीएस आलं. खरीप 2024 मध्ये राज्यातल्या 34 तालुक्यांत डीसीएस आणि बाकीच्या तालुक्यांत जुनं ॲप, असा कारभार चालला. त्या वर्षीच्या रब्बीपासून सगळं राज्य डीसीएसवर गेलं.

सरकारच्या बाजूने हा बदल एका हंगामात झाला. फोनमध्ये तो आपोआप होत नाही.

अपडेट आणि नवं ॲप, फरक काय?

अँड्रॉइड ॲपला नावाने ओळखत नाही. प्रत्येक ॲपला आतून एक ओळख असते, तिला पॅकेज नेम म्हणतात. ओळख तीच असेल तर नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसते आणि आतली माहिती शाबूत राहते. ओळख वेगळी असेल तर फोनच्या लेखी ते दुसरंच ॲप. मग दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात, पण एकाच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे नसते. जुन्यातली नोंदणी, फोटो, अर्धवट भरलेली माहिती नव्याला दिसत नाही.

डोंगरातल्या गावात खरी गोची इथेच होते. खाचरात रेंज नसते, त्यामुळे फोटो काढून ठेवायचे आणि रेंज आली की अपलोड करायचे, ही रीत. समजा फोटो जुन्या ॲपमध्ये अडकलेत आणि कुणीतरी सांगितलं, ‘जुनं काढून टाक, नवं घे.’ काढलं की अपलोड न झालेली नोंदही गेली. जुनं ॲप ठेवून त्यातच नोंद करत राहिलं तर हंगाम संपेपर्यंत कळणारही नाही की आपण बंद दुकानासमोर उभे होतो.

यात पैसेही अडकलेले असतात. खरीप 2023 च्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देताना आधी ई-पीक पाहणीची नोंद हीच अट होती. नोंद नसलेल्यांची ओरड झाल्यावर सातबाऱ्यावरचा पेरा धरून ती सैल करावी लागली. राजगड तालुक्यात मुख्य पीक भात, त्यामुळे तो पैसा इथला नव्हता. पण पीकविमा, हमीभावाने खरेदी, अतिवृष्टीची भरपाई, सगळीकडे हीच नोंद विचारली जाते.

नव्या ॲपला नावं ठेवायची गरज नाही. गटापासून 50 मीटरच्या आत उभं राहून फोटो काढायची अट आल्यामुळे घरात बसून दुसऱ्याच्या शेताचा फोटो टाकणं अवघड झालंय, आणि ते बरंच झालं. चूक हस्तांतराची आहे. एकाच कामाची दोन ॲप्स बाजारात सोडताना जुन्याने उघडल्या-उघडल्या ‘मी बंद झालोय, तुमच्या इतक्या नोंदी अजून पाठवायच्या आहेत’ एवढं स्पष्ट सांगायला हवं होतं. बँकांची ॲप्स हे सर्रास करतात.

मग करायचं काय?

जुनं ॲप रेंजमध्ये उघडून बघा, काही अपलोड व्हायचं राहिलंय का. राहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. हंगाम चालू असेल तर ती नोंद नव्या ॲपमध्ये पुन्हा करा, त्यासाठी पुन्हा शेतात जावं लागलं तरी. जुनं त्यानंतर काढा. ‘अपलोड झाले’ हा संदेश वाचून थांबू नका. ॲपमधल्या गावाच्या यादीत आपलं नाव दिसतंय का बघा आणि नंतर सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना 12 मध्ये, भात लागलाय का तेही तपासा. तिथे रकाना कोरा असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, मुदत संपायच्या आत जा.