करून पाहू या : स्टीललाही गंज चढतो?

परभणीत वर्षानुवर्षं टिकणारी लोखंडी पेटी कोकणात नेली, तर लवकर गंजते. का बरं? तिथल्या दमट, खाऱ्या हवेमुळं!

“पण स्टीलचा डबा कुठं गंजतो?” असं तुम्ही म्हणाल. स्टीलमध्ये क्रोमियम असतं. हवेमुळं त्याचा अगदी पातळ थर डब्यावर तयार होतो. तो दिसत नाही, पण आतल्या लोखंडाची राखण करतो. मीठ मात्र या थरालाही भेदू शकतं.

आता समुद्रकाठच्या तारापूरला जाऊ. तिथं १९६९ साली भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन बाहेर काढल्यावरही तापत राहतं, त्यातून घातक किरण निघत राहतात. म्हणून ते आधी खोल हौदात, पाण्याखाली ठेवतात. पाणी त्याला थंड करतं, किरणही अडवतं. इंधनाच्या नळ्या गंजू नयेत म्हणून पाण्यातले क्षार काढून टाकतात. पुढं त्यातला उपयोगी भाग वेगळा करतात. उरलेला घातक कचरा काचेच्या रसात मिसळून स्टीलच्या डब्यात भरतात आणि झाकण वेल्डिंगनं पक्कं करतात.

समुद्राजवळ ठेवलेल्या अशा कोणत्याही स्टीलच्या डब्याचा नाजूक भाग म्हणजे हा वेल्डिंगचा सांधा. तापून थंड होताना तिथं ताण उरतो. त्यावर खारी ओल बसली, तर केसासारखी चीर पडू शकते. म्हणून डबे खाऱ्या ओलीपासून जपायचे आणि वरचेवर तपासायचे.

किती वर्षं? गणित करा. या कचऱ्यातल्या सिझियमचा किरणोत्सर्ग दर ३० वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे ३०० वर्षांनी सुमारे हजारावा हिस्सा! शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. जवळपास तेवढा काळ झाला की हा! काही पदार्थ तर हजारो वर्षं टिकतात. वीज आपण वापरायची आणि राखण पतवंडांच्याही पतवंडांनी करायची. म्हणून आजचं काम चोख हवं.

करून पाहा : तीन बाटल्यांत एकेक लोखंडी खिळा टाका. पहिलीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. तिसरीत मोठ्यांकडून उकळून गार केलेलं पाणी भरा, वर तेलाचा थर द्या. आठ दिवस रोज पाहून वहीत लिहा. कोणता खिळा आधी गंजला? का?