पेटी तिची, पट्टी त्याची

एप्रिल उजाडला की रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांवर घराघरांच्या पडवीत पेंढा येऊन पडतो. बाई त्यात मांडी घालून बसते. एकेक हापूस हातात फिरवते. डागी बाजूला, बारका कॅनिंगला, उरलेला पाच डझनीचा की सहा डझनीचा हे नुसत्या तळहाताच्या अंदाजाने ठरवते. पेंढ्याचा थर, आंब्याचा थर, वर पुन्हा पेंढा. पेटीवर मार्का पडतो आणि रात्रीच्या गाडीने ती वाशीच्या बाजारात जाते. काही दिवसांनी अडत्याकडून पट्टी येते: इतक्या पेट्या, इतका दर, वजा हमाली, वजा भाडं, बाकी इतकी. पट्टीच्या डोक्यावर नाव नवऱ्याचं असतं. नाहीतर सासऱ्याचं, मग सासरा जाऊन दहा वर्षं का झालेली असेनात.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात ७ लाख ६१ हजार पुरुष आणि ८ लाख ५४ हजार बायका मोजल्या गेल्या. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा ९२९. भाषणांत हा आकडा मोठ्या तोऱ्यात सांगितला जातो, कोकणात बाईला कसा मान आहे वगैरे. पण सहा वर्षांपर्यंतच्या पोरांत मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. हा आकडा मानाचा नव्हे. मोजणीवाला दारात आला तेव्हा जे पुरुष घरात नव्हते, त्यांचा तो हिशेब आहे.

ते मुंबईत होते. आजोबा गिरणीत, बाप गोदीत नाहीतर महापालिकेत, मुलगा कुठेतरी सिक्युरिटीला किंवा कुरियरला. खेड, चिपळूण, दापोलीकडच्या मुसलमान घरांतले अनेक जण आखातात. शंभर वर्षांहून अधिक काळ इथला संसार म्हणजे नवरा मुंबईला आणि बायको गावाला. गणपतीला आणि शिमग्याला भेट. त्या नवऱ्याला भाषेने झोकदार नाव दिलं, चाकरमानी. मागे राहून तरवा लावणारी, गुरं सांभाळणारी, सासूचं दुखणं काढणारी आणि गळक्या कौलांखाली टोप लावून रात्र काढणारी जी होती, तिच्यासाठी शब्दसुद्धा नाही.

तिकडे मुंबईत चाकरमान्याला जेवण लागायचंच. लालबाग-परळच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांना डाळभात घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. त्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेतून कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे या बाया धंदा करतात हे बँकांच्या ध्यानात आलं. म्हणजे हिशेब असा, की कोकणातला एक पुरुष कमावता म्हणून उभा राहायला दोन बायका खपत होत्या. एक गावी त्याचं घर-शेत चालवायला आणि दुसरी मुंबईत त्याचं ताट वाढायला. कर्ता मात्र तोच.

यात पुरुषाची चैन होती असं नाही. त्याची किंमत मनीऑर्डरीच्या रकमेएवढी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. कोकणातले पुष्कळसे गावी परतले. ज्या घरात वर्षातून दोनदा पाहुण्यासारखं यायचं, तिथे आता रोज उठून बसायचं. घर चालत होतं, ते बायकोने पिकवलेल्या भातावर. तेव्हा खरं तर घरातल्या भूमिका बदलायला हव्या होत्या. बदललं एवढंच, की नवरा ओट्यावर बसू लागला.

पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळं बाईने करायचं. नांगराला तिने हात लावायचा नाही. गडी मिळेना तर नांगरणी अडायची, पण रीत मोडायची नाही. आता पॉवर टिलर आला, तरी त्याच्या मुठीवर हात पुरुषाचाच. शिमग्याला पालखी दारात आली की ओटी भरते ती. गावकीच्या बैठकीत पुकारा होतो तो पुरुषाच्या नावाचा. मग त्यासाठी मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करून यावं लागलं तरी बेहत्तर.

या गावकीचा हात केवढा लांब, ते याच जिल्ह्याने पाहिलेलं आहे. देवरुखच्या जोशांची विधवा लेक गोदूबाई आणि मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न केलं, तेव्हा मुरूडने कर्व्यांना वाळीत टाकलं. गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, आपली कहाणी पुढे ‘माझे पुराण’मध्ये स्वतः सांगितली. ध्येयवादी नवऱ्याचा संसार चालवताना बाईची काय ओढाताण होते, तेही त्यात आहे.

आता कागदाकडे येऊ. बाईचं नाव सातबाऱ्यावर चढतं ते बहुतेक वेळा नवरा गेल्यावर, वारसनोंदीने. जन्मभर ज्या शेतात राबली तिथे तिला हक्क मिळतो तो विधवा झाल्यावर. १९९४ चा राज्याचा आणि २००५ चा केंद्राचा कायदा मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देतो, आणि ते चांगलंच झालं. पण नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायको कोण, यावर आपला कायदा गप्प आहे. सावंतवाडी ओलांडून गोव्यात शिरलं की चित्र पालटतं. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, आणि जमीन विकायला बायकोचीही संमती लागते. गोव्यातल्या बायका त्याने सुखी झाल्या असं कुणी म्हणणार नाही. पण खरेदीखताच्या वेळी तिला बोलवावं लागतं.

महाराष्ट्राने काही केलंच नाही असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. ज्या गावात शंभर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, तो गाव लक्ष्मीमुक्त. १९९२ मध्ये महसूल खात्याने त्याच नावाचं परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावावं. २००३ साली ग्रामविकास खात्याने घराच्या असेसमेंटवर दोघांची नावं लावायला सांगितलं. असेसमेंटचं थोडंफार झालं, कारण गावच्या घराला बाजारभाव नसतो. जमिनीच्या परिपत्रकाचं नाव काढलं तर मात्र समोरचा माणूस विषय बदलतो. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली आणि मेलेल्यांची नावं उतरवून वारसांची चढवली. मोहीम गरजेचीच होती. फक्त जिवंत नवऱ्याच्या जिवंत बायकोचा नंबर तिच्यात लागत नव्हता.

आणि आता ओरड चालली आहे की मुली मिळत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला, त्याची देशभर बातमी झाली. रत्नागिरीत मोर्चा निघाला नाही एवढंच. हजारामागे ११२२ बायकांच्या या जिल्ह्यात दोनशे कलमांच्या मालकाचा मुलगा पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा राहतो आणि ओट्यावर चर्चा होते की मुली माजल्या, त्यांना मुंबईत खोली पाहिजे, सासूसासरे नकोत. मुलींचा दोष काढणं सोपं आहे. त्या मुलीने आईला पेंढ्यात बसलेलं पाहिलंय आणि पट्टीवरचं नावही वाचलंय. तिला आंब्याचं वावडं नाही. आईची जागा नको आहे.

मुंबईत खोली मिळाली म्हणून ती सुटते असंही नव्हे. देशाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणावं, तर पुरुषाचीही ८८ वर आली! तिच्याबरोबर त्यानेही हात आखडता घेतला.

मे संपेपर्यंत वाशीला गाड्या जात राहतील. सातबाऱ्याला तलाठी लागतो, अर्ज लागतो, भावाभावांची तोंडं सांभाळावी लागतात. ते कारण एकवेळ समजून घेता येईल. पट्टीला यातलं काही लागत नाही. अडत्याला जे नाव सांगावं ते तो लिहितो. एक फोन करायचा, “पुढची पट्टी बायकोच्या नावे काढा.” दोन मिनिटांचं काम आहे, नवऱ्याच्या ८८ मिनिटांत बसण्यासारखं.