तात्याकावळ्याचं बारसं

बाळाचं नाव ठेवताना घरात किती भांडणं होतात, हे तुम्हाला सांगायला नको. आत्या एक म्हणते, आजी दुसरं, आणि दाखल्यावर लागतं तिसरंच. पण जो जीव जन्मालाच आलेला नाही, बहुधा येणारही नाही, त्याच्या नावावरून ऑफिसातल्या दोन माणसांत अबोला? आमच्यात झाला. आणि चूक माझी होती.

त्याचं असं आहे, की लंच अवरमध्ये आम्ही पाच जण मिळून पाच कोटी वर्षांनंतरचं कोकण बनवतो. माणूस संपलाय. उरलेत घुशी, खारी, सरडे आणि कावळ्यांचे वंशज. प्रत्येकाने एक प्राणी कल्पायचा, तो काय खातो, कोणाला घाबरतो हे ठरवायचं आणि सगळ्यांच्या एक्सेल शीटमध्ये टाकायचा. खूळ आमचं नव्हे. डुगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाने १९८१ साली ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात हेच केलं, तेही पाच कोटी वर्षांनंतरचंच.

त्यातला ‘रॅबक’ माझा लाडका. रॅबिट अधिक बक. सशाचा वंशज, पण लांब पायांवर हरणाची जागा घेतलेला. नाव ऐकलं की अर्धी गोष्ट कळली! म्हणून मी आमच्या शीटच्या डोक्यावर ठळक अक्षरात नियम लिहिला: नावातून पूर्वज कोण आणि धंदा काय, दोन्ही कळलं पाहिजे. पाच डोकी एकच जग घडवताना हे लागतंच. माझी ‘झाडघूस’ तुमच्या सापाने खायची असेल, तर ती कुठे राहते हे तुम्हाला नावावरूनच समजायला हवं ना?

मग आमच्या क्यूएवालीने तिचा प्राणी टाकला. उडणं विसरलेला कावळा. ओहोटीला खाडीच्या चिखलात सावकाश चालत खेकडे वेचणारा. नाव, ‘तात्याकावळा’.

म्हटलं, पूर्वज आहे, पण धंदा कुठाय? आणि हे तात्या कोण? लंच संपायच्या आत मी नाव बदलून ‘चिखलकावळा’ केलं आणि शेजारी लिहिलं, ‘नियमात बसवलं.’ ती ‘ठीक आहे’ म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा दुसऱ्या टेबलावर.

आठवड्याने तिच्या टीममधल्या एकाकडून कळलं. तात्या म्हणजे तिचे आजोबा. हात मागे बांधून, मान जरा पुढे काढून चालायचे. गेल्या वर्षी गेले. दहाव्याला कावळा तासभर शिवला नव्हता.

मी गार.

मला वाटत होतं, मी शास्त्राच्या बाजूने आहे. म्हणून शास्त्र काय म्हणतं ते वाचायला बसलो. १८३४ साली अमेरिकेत रिचर्ड हार्लन यांनी काही अवाढव्य हाडांना ‘बॅसिलोसॉरस’ असं नाव दिलं. म्हणजे राजा सरडा. पुढे रिचर्ड ओवेन यांनी, ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनीच, दात तपासून दाखवून दिलं, की हा सरडा नाहीच, देवमाशाच्या कुळातला सस्तन प्राणी आहे. ‘झूग्लोडॉन’ असं नवं नावही सुचवलं. पण टिकलं जुनंच! तो देवमासा आजही राजा सरडाच आहे. प्राण्यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यात सहसा आधीच्या नावाला मान मिळतो, आणि अर्थ जुळत नाही एवढ्याच कारणाने नाव बाद होत नाही. थोडक्यात, जे ओवेनसाहेबांना जमलं नाही, ते मी वरणभात खाताना करून बसलो होतो.

बरं, घरगुती शब्दांचं तरी शास्त्राला वावडं असावं? तेही नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे जमिनीखाली राहणारा एक बेडूक आहे. २००३ साली त्याचं बारसं झालं, ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’. नासिका संस्कृत, बॅट्राकस ग्रीक आणि सह्याद्री आपला. माणसांवरून ठेवलेली नावं तर ढिगाने आहेत.

त्याच संहितेत आणखी एक गंमत सापडली. काल्पनिक प्राण्यांना ती लागूच होत नाही. म्हणजे तात्याकावळ्याचं नाव राखायला कुठलाही आयोग येणार नाही. ते राखायचं तर आम्ही पाच जणांनीच.

शीट उघडली. नाव पूर्ववत केलं. माझा ठळक नियम पुसला आणि त्या जागी लिहिलं: ज्याचा प्राणी, त्याने ठेवलेलं नाव. पूर्वज आणि धंदा यांना शेजारी दोन कॉलम दिले. साधा उपाय होता, आधी सुचला नाही. मग तिच्या डेस्कपाशी जाऊन सॉरी म्हटलं. सोबत आहेर म्हणून एक लॅटिन नावही नेलं. पुरुषाच्या नावावरून प्राण्याचं नाव ठेवायचं तर शेवटी ‘ई’ जोडतात. म्हणून, ‘पेडिकॉर्व्हस तात्याई’.

तिने वाचलं. ‘तात्या की आई? एक काय ते ठरव,’ म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी डबा आमच्या टेबलावर परत. जेवण झाल्यावर शीट उघडली, तर माझ्या दुरुस्तीवर क्यूएची कॉमेंट येऊन पडलेली: ‘घाईत तात्या कावळा असं लिहिलंयस. मधली स्पेस काढ. ते एकच आहेत.’