गाळातील उधारी

व्यापारातील उधारी कधी कधी बुडते. खाडीच्या गाळातील उधारी मात्र कधीच बुडत नाही. रंगाचे पाणी भरती-ओहोटीबरोबर निघून गेले की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्या बांधवांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सल्फर रंग पक्का करण्यास बायक्रोमेट वापरले की क्रोमियम आले. डायरेक्ट रंगाला मोरचूद दिले की तांबे आले. फिरोजी रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या तर घडणीतच तांबे असते, आणि कापडावर न चढलेला भाग नाल्यात जातो. भिवंडीचा नाला कामवारीला मिळतो, कामवारी उल्हासच्या खाडीला. तेथे धातू बारीक मातीला चिकटून तळाशी बसतात. रंग विरतो, धातू विरत नाही. तिसऱ्या आणि खेकडे त्याच गाळात वाढतात. खाडी खोदली की तळचे पुन्हा वर येते.

जपानमधील मिनामाताचा रोग १९५६ साली उघड झाला. कारखान्याने पारा सोडणे १९६८ साली थांबले, तरी उपसागराचा तळ विषारीच राहिला. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त करावा लागला. खर्च सुमारे ४,८५० कोटी येन.

क्रोमियम कारखान्याच्या टाकीतच अडविता येते. आधी त्याचे जहाल रूप बदलावे, मग चुना घालून खाली बसवावे आणि तो गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवावा. सल्फर रंग तर बायक्रोमेटऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडनेही पक्का होतो.

यास खर्च येतो. “दर वाढविला तर माल सुरतेला जाईल,” ही रंगारी कारागिरांची भीती खोटी नाही. एकटा रंगारी दर वाढवू शकत नाही. म्हणून ही जबाबदारी माल रंगवून घेणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांची आहे. बिलात रंगाई वेगळी व पाणी शुद्ध करण्याचा खर्च वेगळा लिहावा. घासाघीस करायची तर रंगाईवर करावी, दुसऱ्या रकमेला हात लावू नये. सर्वांनी एकच रीत पाळली तर कोणाचेही गिऱ्हाईक तुटणार नाही.

टाकीतला गाळ पोत्यात मावतो. पुढील हंगामाचे दर ठरविण्यास बसाल तेव्हा हा विषय पहिला घ्यावा, अशी आमची विनंती आहे.