तिकिटावरचा सम्राट

परवा एका स्टोरीसाठी भिवंडीत होते. भिवंडी म्हटलं की आपल्याला नाशिक हायवेलगतची गोदामं आठवतात. आपलं ऑनलाइन शॉपिंग जिथून निघतं ती! पण गावात शिरलं की अजूनही पॉवरलूमचा खडखडाट कानावर आदळतो. अशाच एका कारखान्याच्या केबिनमध्ये चहा पीत बसले होते, तर टेबलाच्या काचेखाली एक जुनं पोस्टाचं तिकीट दिसलं. समुद्रात पाय रोवून उभं राहिलेलं काहीतरी अवाढव्य. शेजारी एक रुपयाची नोट, तिच्यावरही तेच!

“चाचा, ही कुठली बोट?”

मालक हसले. “बोट नाही बेटा, सागर सम्राट. आमच्या धाग्याचा आजोबाच समज.”

मंडळी, खरं सांगते, मला काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं आणि चाट पडले.

सागर सम्राट ही समुद्रात तेलविहिरी खोदणारी रिग. 1973 मध्ये जपानमध्ये बांधलेली. फंडा सोपा आहे. तरंगत जागेवर जायचं, लांबलचक पाय समुद्रतळावर टेकवायचे आणि स्वतःला लाटांच्या वर उचलून घ्यायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. आपलं बरंचसं तेल बाहेरून यायचं, त्यामुळे देशाचं बजेट पार कोलमडायची वेळ आली होती. आणि फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, या रिगला तेल लागलं. तेच आपलं बॉम्बे हाय!

मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकरमधून किनाऱ्यावर यायचं, 1978 मध्ये उरणपर्यंत पाइपलाइन आली. 1982 मध्ये पोस्टाने सागर सम्राटचं तिकीट काढलं. एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवरही ती झळकली, आणि 2015 मध्ये ही नोट पुन्हा आली तेव्हाही तिथेच होती. हिरोइनलाही एवढा मान नाही!

आणि चाचांचा धागा? पॉलिएस्टर शेवटी तेलातूनच येतं. कच्च्या तेलापासून नॅफ्था, त्यातून रसायनं, त्यांचे चिप्स आणि चिप्सचा धागा. तो भिवंडीच्या मागावर चढतो आणि त्याचं ग्रे कापड होतं. पुढे रंगून, शिवून तुमच्या-माझ्या अंगावर.

पण शोधता शोधता एक तारीख सापडली आणि मी थांबले. 27 जुलै 2005. आदल्या दिवसाचा, 26 जुलैचा पाऊस कोण विसरेल? कोण कुठे अडकलं, कोण किती चाललं, आपण अजून सांगतो. दुसऱ्या दिवशी खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती. म्हणून एक जहाज बोटं कापलेल्या एका कुकला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला गेलं. ते प्लॅटफॉर्मवर आदळलं, आग लागली, आणि बघता बघता अख्खा प्लॅटफॉर्म गेला. 22 माणसं मेली. मुंबई तेव्हा चिखल उपसत होती. मी कितीतरी जणांना विचारलं, एकालाही आठवेना. मला तरी कुठे माहीत होतं?

चाचांना फोन करून हे सांगितलं. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, “तिकिटावर माणूस कधी दिसतच नाही ना.” मागे लूम चालूच होते.

सागर सम्राटने 32 वर्षांत सुमारे 125 विहिरी खोदल्या. नंतर तिचं रूप बदललं आणि डिसेंबर 2022 मध्ये ती तेल-वायू उत्पादनाच्या कामाला लागली. म्हणजे बाई रिटायर झालीच नाही!

पुढच्या वेळी एक रुपयाची नोट हातात आली तर उलटी करून बघा. आणि जमलं तर शर्टाच्या कॉलरमागचं लेबलही. दोन्हीकडे समुद्र आहे, आणि त्यात कुणीतरी नाइट शिफ्टला आहे.