फॉरमॅट मारण्याआधी पाच मिनिटं थांबा

दुकानातला उबंटूवाला कॉम्प्युटर पासवर्ड घेतो आणि पुन्हा लॉगिनवरच येऊन थांबतो. लगेच कोणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारा." माझं स्पष्ट मत आहे, अजिबात नको! अनेकदा फक्त डिस्क भरलेली असते.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन करून 'डीएफ -एच' ही कमांड द्या. मुख्य डिस्कसमोर 100 टक्के दिसलं, तर 'सुडो ॲप्ट क्लीन' चालवा. त्यात डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजेस जातात, तुमची बिलं नाही. मग रीस्टार्ट करा.

फॉरमॅटमध्ये मात्र अख्ख्या वर्षाची उधारी पुसली जाते. गिऱ्हाईक काय स्वतःहून आठवण करून देणार आहे का?

आता खरं सांगा, तुमचा शेवटचा बॅकअप कधीचा?