सामन्याआधीचा तराजू

२०२३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. घरात नवरात्राची तयारी चालली होती आणि सगळा देश क्रिकेटच्या विश्वचषकात बुडून गेला होता. अशात डब्लिनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारून झाली आणि तो एकदम म्हणाला, "मामा, शनिवारी आमचा न्यूझीलंडशी सामना आहे. आठवडाभर ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नाही. सगळे नुसते तोलत बसलेत."

'आमचा' ऐकून मला हसू आले. फोंड्यात वाढलेला, फुटबॉल खेळून ढोपरे फोडून घेतलेला हा मुलगा आयर्लंडच्या रग्बी संघाला 'आमचा' म्हणत होता! पण मनात राहिले ते त्याचे 'तोलत बसलेत'. सामना जिंकणार की हरणार, यावर वाद घालणारी माणसे मी जन्मभर पाहिली आहेत. साळगांवकर आणि धेंपो फातोर्ड्याला भिडायचे त्याआधी चहाच्या टेबलावर काय काय रंगायचे, ते गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. पण तो वाद असायचा. तोलणे वेगळे. तोलायला दोन पारडी लागतात आणि दुसऱ्याच्या पारड्यातही प्रामाणिकपणे वजन टाकावे लागते.

सामना होता रग्बी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीचा. आयर्लंड विरुद्ध न्यूझीलंड, १४ ऑक्टोबर, पॅरिसजवळचे स्टाद द फ्रान्स. जो हरेल तो घरी. ज्यांचा रग्बीशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला १५ खेळाडू, ८० मिनिटांचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचे, पण हाताने पास द्यायचा तो मागेच. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २. पेनल्टीचे ३. बाकी बारकावे मलाही भाच्यानेच शिकवले.

आता पारडी पाहू. आयर्लंडच्या पारड्यात काय होते? सलग १७ विजय. जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. त्याच स्पर्धेत, त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला १३-८ असे हरवलेले. २०२२ च्या जुलैत न्यूझीलंडमध्ये जाऊन तीन सामन्यांची मालिका २-१ अशी जिंकलेली, आणि तसे पूर्वी त्यांना कधीच जमले नव्हते. याचे मोल कळायला जरा मागे जावे लागते. हे दोन संघ पहिल्यांदा १९०५ साली खेळले आणि आयर्लंडचा पहिला विजय झाला २०१६ साली, शिकागोत. १११ वर्षे! आजोबांनी वाट पाहिली, वडिलांनी पाहिली, आणि नातवाच्या नशिबी तो दिवस आला. तिथून या सामन्यापर्यंत दोघे आठ वेळा भेटले, त्यांत पाच वेळा आयर्लंड जिंकले.

न्यूझीलंडच्या पारड्यात त्या वर्षी पडझडच जास्त दिसत होती. ऑगस्टमध्ये लंडनला दक्षिण आफ्रिकेने त्यांना ३५-७ असे धुतले. एवढ्या फरकाने हा संघ त्याआधी कधीच हरला नव्हता. विश्वचषकाचा पहिलाच सामना ते फ्रान्सशी २७-१३ ने हरले. साखळी फेरीतली त्यांची ही इतिहासातली पहिली हार. प्रशिक्षक इयान फॉस्टर यांच्या जागी स्पर्धेनंतर दुसरा माणूस येणार, हे मार्चमध्येच जाहीर झालेले. जाणार हे ठरलेल्या माणसाच्या हाताखाली संघ लढतोय, असे चित्र होते.

मग काटा आयर्लंडकडे सरळ झुकायला हवा होता. पण नाही. कारण पारड्यात आणखी एक वजन होते. आयर्लंड त्याआधी सात वेळा विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले आणि सातही वेळा हरले. १९८७, १९९१, १९९५, २००३, २०११, २०१५, २०१९. यातल्या शेवटच्या वेळी समोर न्यूझीलंडच होते आणि गुण होते ४६-१४. उलट न्यूझीलंड तोवरच्या साऱ्या विश्वचषकांत उपांत्यपूर्व फेरीत एकदाच अडखळले होते, २००७ मध्ये कार्डिफला, फ्रान्ससमोर.

भाचा म्हणाला, "इथे दोन तट पडलेत, मामा. एक म्हणतो हा शाप आहे, सुटणार नाही. दुसरा म्हणतो इतिहास मैदानात उतरत नाही, खेळाडू उतरतात."

मला दोन्ही मते पटली नाहीत. आजही पटत नाहीत.

शाप वगैरे म्हणणे म्हणजे विचार थांबवायची सोय. देवाने कौल दिला नाही म्हटले की आपली जबाबदारी संपते. १९९१ मध्ये आयर्लंड ऑस्ट्रेलियाशी घरच्या मैदानावर १९-१८ असे एका गुणाने हरले. २०१५ मध्ये अर्जेंटिनाने ४३-२० असे लोळवले. या दोन पराभवांना एकच नाव देणे म्हणजे बुडालेल्या होडीला आणि फुटलेल्या घागरीला एकच रोग लावण्यासारखे. त्याहून गंमत सरासरीवाल्यांची. "सतरा जिंकले, आता हरायची पाळी!" नाण्याला मागचे निकाल आठवत नाहीत आणि संघाच्या ताकदीतूनही विजय असे हप्त्याहप्त्याने वजा होत नाहीत.

पण इतिहास मैदानात उतरतच नाही, हेही खरे नव्हे. तो शाप म्हणून उतरत नाही, सवय म्हणून उतरतो. शेवटची दहा मिनिटे, चार गुणांचा फरक, फुप्फुसे फाटायला आलेली, अशा वेळी थांबायचे कधी आणि धडक मारायची कधी, हे ज्यांनी अशा घडीतून पूर्वी वाट काढली आहे त्यांना थोडे आधी सुचते. ते 'थोडे आधी' हेच बाद फेरीचे भांडवल.

तिसरे वजन मात्र फार थोड्यांनी पारड्यात टाकले होते. ते म्हणजे साधा गुणाकार. समजा, तुमचा संघ जगात उत्तम आहे आणि बाद फेरीचा कुठलाही सामना जिंकण्याची त्याची शक्यता १०० पैकी ६० आहे. विश्वचषकासाठी ओळीने तीन सामने जिंकायचे. तिन्ही जिंकण्याची शक्यता भरते १०० पैकी २२ हून कमी. ६० च्या जागी ७५ धरा, तरी ४२ च. म्हणजे सगळ्यात चांगल्या संघानेही चषक न नेण्याचीच शक्यता अधिक! हा हिशेब एकदा समजला की 'सर्वोत्तम संघ हरला कसा?' हा प्रश्नच अर्धा गळून पडतो.

त्यातही २०२३ ला एक उघड अन्याय होता आणि तो आयोजकांच्या पदरात घातला पाहिजे. स्पर्धेची गटवारी काढली २०२० च्या डिसेंबरात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे आधी, आणि तीही २०२० च्या १ जानेवारीच्या क्रमवारीवरून. तीन वर्षांत दुनिया बदलली. स्पर्धा सुरू झाली तेव्हा क्रमवारीतले पहिले पाचही संघ, म्हणजे आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड, सोडतीच्या एकाच अर्ध्यात कोंबलेले. त्यामुळे अंतिम सामन्याच्या तोडीच्या दोन लढती उपांत्यपूर्व फेरीतच उरकल्या. आयर्लंड-न्यूझीलंडनंतर दुसऱ्याच दिवशी यजमान फ्रान्स दक्षिण आफ्रिकेशी २९-२८ असे एका गुणाने हरले. पुढच्या विश्वचषकाची सोडत २०२५ च्या डिसेंबरात काढली, हे शहाणपण उशिरा का होईना सुचले.

आता 'आमचा' या शब्दाकडे परत येतो. त्या आठवड्यात भाच्याच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली आणि मला ती गुणांच्या आकड्यांहून मोठी वाटली. आयर्लंडच्या संघातले बंडी आकी, जेम्स लो आणि जेमिसन गिब्सन-पार्क हे तिघे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले. आणि २०१३ ते २०१९ आयर्लंडला घडवणारे प्रशिक्षक जो श्मिट, मूळचे न्यूझीलंडचे, ते तेव्हा न्यूझीलंडच्या गोटात. शिवाय आयर्लंडचा रग्बी संघ हा सबंध बेटाचा आहे. बेटाची फाळणी झाली, उत्तरेकडचा भाग ब्रिटनकडे राहिला, दक्षिणेत वेगळे राष्ट्र झाले, पण रग्बीची संघटना फुटली नाही. परदेशातल्या सामन्याआधी दोन्हीकडच्यांना म्हणता यावे असे वेगळे गीत १९९५ पासून त्यांनी घेतले आहे. सीमा आणि भाषा यांवरून डोकी फुटलेली पाहिलेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट साधी वाटणार नाही. फोंड्याच्या मुलाला तिथे 'आमचा' म्हणावेसे वाटले, यात नवल ते काय?

शनिवार आला. दुपारी अहमदाबादला भारताने पाकिस्तानला लीलया हरवले, गावात फटाके वाजले. रग्बीचा सामना आपल्या वेळेनुसार रात्री साडेबाराला. सकाळी घटस्थापना, लवकर उठायचे, तरीही मी जागा राहिलो.

तोलणाऱ्यांचे तोलणे किती बरोबर होते ते त्या ८० मिनिटांत दिसले. मध्यंतराला न्यूझीलंड १८-१७. एका गुणाचा फरक! उत्तरार्धात विल जॉर्डनच्या ट्रायने ते २५-१७ झाले. साठाव्या मिनिटाच्या आसपास जॉनी सेक्स्टनची एक पेनल्टी हुकली. आयर्लंड पुन्हा २४-२५ पर्यंत आले, न्यूझीलंडने पेनल्टी घेऊन २८-२४ केले. मग आयर्लंडच्या जथ्याने ढकलत ढकलत रोनन केलहरला चेंडूसकट रेषेपलीकडे नेलेही. पण जॉर्डी बॅरेटने खाली अंग घातले आणि चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही. आणि शेवटी ते ३७ टप्पे! पाच मिनिटांहून अधिक वेळ, चेंडू न सोडता, आयर्लंड एकामागून एक धडका देत राहिले. न्यूझीलंडने एकही चूक केली नाही. सॅम व्हाइटलॉकने वाकून चेंडूवर हात घातला, पेनल्टी मिळवली आणि सामना संपला. सेक्स्टन ३८ वर्षांचा, त्याचा तो शेवटचा सामना. आठवी उपांत्यपूर्व फेरी, आठवी हार.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. वाटले होते, पोरगा चिडलेला असेल. तो म्हणाला, "पबमध्ये मिनिटभर कुणी बोललंच नाही, मामा. मग एक म्हातारा उठून टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच. समोरच्या टेबलावर न्यूझीलंडची चार पोरं होती, त्यांना लोकांनी पेले पाठवले."

हे ऐकले आणि तोलण्याचा उपयोग मला उमगला. सामन्याआधी ज्याने समोरच्या पारड्यात वजन टाकलेले असते, त्याला हरल्यावर कट, फितुरी, पंच, शाप असे काहीही शोधावे लागत नाही. दुःख होतेच, पण अपमान वाटत नाही.

पुढे महिनाभराने, १९ नोव्हेंबरला, त्याच अहमदाबादेत आपला क्रिकेट संघ सलग दहा सामने जिंकून अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियासमोर उभा राहिला. आधीचा आठवडा आठवून पाहा. कुणी तोलत होते का? चषक घरात आल्यासारखे आपण बोलत होतो. ऑस्ट्रेलियाच्या पारड्यात पाच विश्वचषक आहेत, हे बोलणारा माणूस अपशकुनी ठरत होता. सहा गडी राखून ते जिंकले आणि तो भरलेला समुद्र क्षणात मुका झाला. जिंकणाऱ्यांसाठी हात वर गेले ते फार थोडे. दहा विजयांचे कौतुक तर एका रात्रीत विसरले गेले. नाउमेद होण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे, पण त्या मुकेपणात मला आपली गरिबी दिसली. पैशाची नव्हे, तराजूची.

तुम्ही म्हणाल, प्रेमात कसला हिशेब? चाहता तो चाहता, त्याने डोळे मिटून आपल्याच बाजूला असावे. मला ते मान्य नाही. डोळे मिटून केलेले प्रेम जिंकेपर्यंतच टिकते. हरल्यावर ते पुतळे जाळायला निघते. उघड्या डोळ्यांनी तोलून, समोरचा आपल्याइतकाच किंवा काकणभर सरस आहे हे जाणूनही जो आपल्या संघाचा रंग अंगावर चढवतो, त्याची निष्ठा मला अधिक खरी वाटते.

न्यूझीलंड पुढे अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेशी १२-११ असे हरले. एका गुणाने! त्यांचीही पारडी तशीच थरथरली. आता २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात, २४ संघांचा, आणि बाद फेरीत एक पायरी वाढलेली. म्हणजे गुणाकार आणखी कठीण. भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "माहीत आहे. आम्ही आत्ताच तोलायला घेतलंय."